काचेतलं ऊन

आमच्या जावयांची एक खोड मला पहिल्या दिवसापासून खटकते. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. नजर खांद्यावरून मागच्या भिंतीवर जाते, भिंतीवरून चौकटीवर, चौकटीवरून खिडकीवर, आणि खिशातली टेप हातात कधी येते ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा मी विचारत होते, घरी कोण कोण असतं, आणि हे मला सांगत होते की तुमची ही खिडकी अर्धा इंच तिरकी बसलीय. काच बसवायचा धंदा आहे, मान्य. पण न्हावी काय समोरच्याच्या डोक्याकडे बघत जेवतो?

घरजावई म्हटलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून लोकांसमोर म्हणत नाही. पण घर माझं आहे. सत्तावीस वर्षं मी कोंबड्या पाळल्या, एकेक अंडं दिव्यासमोर धरून तपासलं, त्यातून हे दोन मजले उभे राहिले. खाली लेक आणि जावई, वर मी. माझी खोली पूर्वेची. सकाळी सातला ऊन पलंगाच्या पायथ्याशी येतं आणि सरकत सरकत साडेअकराला कपाटापाशी संपतं. त्या उन्हात मी गुडघे शेकते, केस वाळवते, रस्त्यावरून कोण कोणाबरोबर गेलं ते बघते. खाली मागच्या बाजूला आणखी एक खोली आहे. तिथे माझं जुनं शिलाईचं मशीन आणि जावयांचे लाकडी खोके असतात आणि दिवसासुद्धा दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हातारपणी मी यातल्या कुठल्या खोलीत राहायचं, त्याचा हा सगळा तंटा.

एका रविवारी सकाळी जावई कामावरून लवकर परतले. हातात पुठ्ठ्याचं खोकं, वर लिहिलेलं, ‘काच, जपून’. मला वाटलं आरसा आणला. खोकं उघडलं तर आत सरडा. हिरवा, पाठीवर कंगव्याच्या दातांसारखे काटे, गळ्याखाली लोंबती पिशवी, आणि अंगापेक्षा शेपूट लांब. इग्वाना म्हणतात म्हणे. कोणा भाडेकरूंनी घर सोडताना तो फुटक्या पेटीसकट मागे ठेवला होता. जावई तिथे खिडकीची काच बदलायला गेले होते. मालक म्हणाला, कचऱ्यात टाका, आणि हे घरी घेऊन आले.

लेक दाताच्या डॉक्टरकडे फोन घ्यायचं काम करते. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकते, त्यामुळे तिला कोणाचीही दया येते. तिने लगेच ओंजळ पुढे केली. मी विचारलं, केवढा होतो हा?

“एवढाच,” जावई म्हणाले. भिंतीकडे बघत.

तिथेच मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी लेक फोनवर काहीतरी वाचत होती आणि वाचता वाचता तोंडावर हात ठेवला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, पाच फूट, आई, पण त्याला खूप वर्षं लागतात. म्हणजे माझ्याएवढा. घरात एक जावई होताच. आता हा दुसरा, फुकट खाणारा आणि उबेला बसणारा. मी त्याचं नाव दुसरा जावई ठेवलं. लेक हसली. पहिले जावई हसले नाहीत.

पेटी मात्र त्यांनी देखणी केली, ते नाकारून चालणार नाही. खालच्या बोळवजा जागेत, जिन्याच्या पायथ्याशी, चार फूट लांब, तीन फूट उंच, चारी बाजूंनी काच, पुढे काचेचंच दार आणि वरही काचेचं झाकण. कडा अशा घासलेल्या की बोट फिरवलं तरी कळू नये काच कुठे संपली. आत झाडाची जाड फांदी तिरकी लावली, कारण हा जमिनीवर बसत नाही, वरून बघतो. सासूसारखा, लेक म्हणाली. एका कोपऱ्यात पाण्याचं पसरट भांडं, दुसऱ्या कोपऱ्यात लपायला लाकडाचा अर्धा ओंडका. फांदीच्या वरच्या टोकावर तापणारा बल्ब आणि झाकणावर, काचेच्या बाहेरून, एक लांब पांढरी नळी. दुकानदाराने दोन्ही बरोबर दिले होते. दिवसातून दोनदा कपड्यांना इस्त्री करताना मारतात तसं पाणी फवारायचं, म्हणजे हवा ओलसर राहते. खायला बारीक चिरलेला पाला, किसलेला लाल भोपळा, घेवड्याच्या शेंगा, आणि शेजारणीच्या कुंपणावरची जास्वंदीची फुलं. माझ्या ताटात शिळी भाजी आली तरी चालते. याच्या बशीतला पाला ताजा लागतो.

फुटक्या पेटीवर आधीच्या लोकांनी चिकटवलेला एक कागद होता, तो जावयांनी नव्या पेटीवर लावला. त्यावर एवढंच लिहिलं होतं: ‘पाला. भोपळा. रोज ऊन हवं.’ माझी शाळा दुसरीत सुटली, पण दोन अक्षरांचा शब्द मलाही वाचता येतो. जावयांनी माझा हात धरून काचेवर टेकवला आणि म्हणाले, बघा आई, कशी ऊन ऊन लागतेय. बल्बचं ऊन बारा तास. मी विचारलं, मग ती वरची पांढरी नळी कशाला? म्हणाले, ती उजेडासाठी, दिसायला बरी.

मला त्या बल्बपेक्षा दुसरीच गोष्ट टोचत होती. जिन्याच्या पायथ्याशी पेटी ठेवायची म्हणजे वर चढवायची तयारी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. या सरड्याचं कुंपण कुठवर जाणार, ते मला दिसायला लागलं होतं.

आठच दिवसांनी मी केस धुऊन खोलीत आले तर जावई माझ्या खिडकीपाशी उभे, हातात टेप. मला बघून टेप सर्रकन आत गेली. म्हणाले, खिडकीचं लाकूड फुगलंय का बघत होतो. लाकूड फुगलंय का ते बघायला पलंगापासून भिंतीपर्यंत कोण मोजतं? जमिनीवर खडूची एक बारीक रेघ होती. त्यांच्यासमोरच पायाने पुसली.

मग एकदा जिना उतरताना लेकीचा आवाज कानावर आला. आईला कधी सांगायचं? आणि जावई म्हणाले, घाई नको, जिना चढताना त्यांचे गुडघे दुखतातच, आपोआप निघेल विषय. मी मधल्या पायरीवर थांबले. माझे गुडघे माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला निघाले होते.

त्यानंतर मी कोणाचाच शब्द सरळ धरला नाही. लेकीने विचारलं, आई, मागच्या खोलीला रंग काढू या का, मी म्हटलं, तुरुंगाला कोणी रंग काढतं का. जावयांनी चहाच्या वेळी सहज विचारावं तसं विचारलं, वरती ऊन किती वेळ असतं हो आई? मी सांगितलं, कसलं ऊन, चहा गार होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. त्यांनी मान हलवली. शहरातली प्रत्येक खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते पाठ असलेला माणूस, तो हे खरं मानेल असं नव्हतं. पण बोलले नाहीत. न बोलणारा माणूस जास्त वाईट.

दिवसा ती दोघं कामावर गेली की घरात मी आणि दुसरा जावई. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. पण सत्तावीस वर्षं दिव्याखालची पिल्लं बघितलेल्या बाईला डोळे मिटता येत नाहीत. पिल्लांना ऊब बरोबर आहे की नाही हे कुठलं यंत्र सांगत नाही, पिल्लं सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवली तर थंडी, कडेला पळून चोची उघडल्या तर उकाडा, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. हा पठ्ठ्या दुपारी पेटीच्या पार दुसऱ्या टोकाला, काचेला नाक लावून, तोंड उघडं टाकून बसलेला. बल्ब फांदीच्या फार जवळ होता. मी बल्ब बंद केला. तासाभराने त्याने तोंड मिटलं. मग परत लावला.

हे मी चार दिवस केलं आणि पाचव्या दिवशी पेटीच्या दारावर मला चिकटपट्टीचा केसाएवढा तुकडा दिसला. दार उघडलं की तो फाटणार आणि जावयांना कळणार. अंड्यातली बारीक रेघ दिव्यासमोर ओळखणाऱ्या बाईसाठी जाळं लावलं होतं त्यांनी. मी नखाने अलगद सोडवला आणि काम झाल्यावर जिथल्या तिथे लावला.

कारण तोवर मला आणखी एका कामासाठी दार उघडावं लागत होतं. त्याचा चेहरा मला उतरल्यासारखा वाटायचा. नुसत्या पाल्यावर कोण जगतं? मी उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून त्याच्या बशीत, भोपळ्याच्या खाली लपवून ठेवायला लागले. तो आधी भोपळा बाजूला सारायचा. मला वाटायचं, याला कळतं चांगलं काय ते.

संध्याकाळी जावई लेकीला म्हणाले, पण इतक्या मोठ्याने की वरपर्यंत यावं, “कोणीतरी दिवा बंद करतं. पेटीतलं तापमापक दिवसभराची नोंद ठेवतं, दुपारचा आकडा खाली उतरलेला असतो.”

मी कठड्यावरून वाकून म्हटलं, “कोणीतरी म्हणजे कोण? घरात तीन माणसं आणि एक सरडा. त्यात दुपारी घरी दोघंच असतात, आणि त्यातल्या एकाला बटण कुठे ते माहीत नाही.”

लेक मधे पडली, विषय बदलला. दुसऱ्या दिवसापासून बटणावरही चिकटपट्टी आली.

मग एका सकाळी मी जिना उतरून आले तर तो फांदीवरून खाली पडलेला. परत चढायला गेला आणि मागचे पाय थरथरले. पाय अंगाखाली नीट येत नव्हते, बाजूला फाकत होते. मी पायरीवरच बसले. हे पाय मी आधी पाहिले होते.

फार जुनी गोष्ट. एका वर्षी गार वारा फार सुटला म्हणून पिल्लांच्या शेडची जाळी काढून मी खिडक्यांना काच बसवून घेतली. आत ऊब, दाणा भरपूर, उजेड लख्ख. महिन्याभरात पिल्लं लंगडायला लागली. पाय वाकडे, चोच दाबली तर मऊ. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी शेडमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नाही, दारातूनच म्हणाले, बाई, काचेतून उजेड येतो, ऊन येत नाही. काचा काढल्या, शिंपल्यांचा चुरा घातला, अर्धी पिल्लं उभी राहिली. अर्धी नाही राहिली.

म्हणजे मला ठाऊक होतं. काय झालंय तेही आणि काय करायला हवं तेही. तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. घरात उघड्यावरचं ऊन कुठे येतं? समोर उंच इमारत असल्याने खाली येत नाही. मागे भिंत. गच्चीला उतरतं पत्र्याचं छप्पर. ऊन येतं ते एकाच खोलीत, आणि त्या खोलीचं माप आधीच घेऊन झालं होतं. मी मनाला समजावलं, हा जावयांचाच डाव असेल. जनावर आजारी पडलं म्हणायचं आणि म्हातारीला खाली उतरवायचं. स्वतःचे डोळे बघत होते त्याच्यावरसुद्धा मी संशय घेतला. दोन दिवस गप्प राहिले आणि बलक वाढवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जावई पेटीसमोर जमिनीवर बसलेले होते. सरडा त्यांच्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत, फांदीवर बसावं तसा. ते जास्वंदीची पाकळी त्याच्या तोंडाशी धरून होते आणि तो जबडा उघडू शकत नव्हता. जावई त्याच्या डोळ्यांत बघत होते. सरळ, पापणी न हलवता. या माणसाला असं बघता येतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लेकीकडेही त्यांनी असं बघितलं असेल तर ते मी पाहिलेलं नाही. मी मागच्या पावली वर गेले.

सकाळी त्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. मी पण येते म्हटलं. लेकीला वाटलं काळजीने. मला ठाऊक होतं, मागे राहिले तर दिवा बंद करणारी म्हणून माझंच नाव तिथे निघणार.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने त्याचा जबडा दोन बोटांनी हळूच दाबला आणि तिचा चेहरा गंभीर झाला. हाडं मऊ पडतायत, म्हणाली. अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही. मग विचारलं, ऊन देता का?

जावई लगेच म्हणाले, बारा तास, पस्तीसच्या खाली जाऊ देत नाही.

“मी उन्हाबद्दल विचारतेय,” डॉक्टर म्हणाली. “तुम्ही उबेचं सांगताय.”

जावयांना कळेना. त्यांनी पेटीवरून सोडवून आणलेला तो कागद खिशातून काढला, उलगडून तिच्यासमोर धरला, जणू कागदच चुकला असेल. रोज ऊन हवं. तिने समजावून सांगितलं. तापणारा दिवा वेगळा आणि उन्हाचं काम करणारा वेगळा. ती पांढरी नळी म्हणजेच याचं ऊन, ती कुठे आहे? झाकणावर, जावई म्हणाले. झाकण कशाचं? जावयांची मान खाली गेली. उत्तर मी दिलं. म्हटलं, काचेचं. सहा मिलिमीटर. कडा घासलेल्या.

डॉक्टर म्हणाली, काच ते खाऊन टाकते. झाकण काढून जाळी लावा. दुपारी हा तोंड उघडं टाकून बसतो का? जावई म्हणाले, माहीत नाही, दुपारी आम्ही नसतो. मी म्हटलं, बसतो. बल्ब वर घ्यायला हवा, मी तासभर बंद करते. ती म्हणाली, बरं करता, भाजला असता. त्या क्षणी मी जावयांकडे असं बघितलं की चिकटपट्टीचा हिशेब तिथेच चुकता झाला.

पण माझा तोरा फार टिकला नाही. पाल्याशिवाय आणखी काही खातो का, तिने विचारलं. जावई म्हणाले, छे, काहीच नाही. लेकही म्हणाली, नाही. सरडा टेबलावर पडलेला होता आणि त्याचा एक डोळा माझ्यावर होता. मी म्हटलं, अंडं. बलक. रोज. माझ्या आयुष्यात अंड्याबद्दल बोलताना माझा आवाज पहिल्यांदा खाली गेला. डॉक्टर रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आजी, हा निव्वळ पाल्यावरचा प्राणी आहे. बलक हाडांना काही देत नाही आणि मूत्रपिंडावर भार टाकतो. आजपासून बंद. तिने तोंडातून द्यायचं औषध आणि पाल्यावर भुरभुरायची पूड दिली.

शेवटी तिने विचारलं, खरं ऊन मिळेल अशी खिडकी घरात आहे का? उघडी, जाळीची. सकाळचे दोन-तीन तास, बाजूला सावली ठेवून. औषधापेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. जावई भिंतीकडे बघत होते. त्यांना सांगता आलं असतं. खिडकीची रुंदी, उंची, सूर्य किती वाजता कुठे येतो, आणि सासू चहाच्या कपावर किती मोठं खोटं बोलली, सगळं त्यांच्याकडे होतं. ते म्हणाले, “बघू. काहीतरी करू.”

परतीच्या वाटेवर खोकं लेकीच्या मांडीवर होतं. घरी आल्यावर जावयांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःच्या हाताने केलेलं झाकण उचलून बाजूला ठेवलं. भिंतीला टेकवताना त्यावर फडकं मारलं. मग शिडी आणली, बल्ब वीतभर वर घेतला. बटणावरची चिकटपट्टी नखाने काढली, गोळी करून खिशात टाकली.

मी वर गेले. साडेदहा वाजले होते. ऊन पलंगावरून उतरून जमिनीवर होतं, पुसलेल्या खडूच्या रेघेवर. खिडकी बंद होती आणि तरी खोली उबदार होती. इतकी वर्षं त्या काचेआड बसून मी जे शेकत होते त्याला मीही ऊनच म्हणत होते. शेडच्या काचा काढलेली बाई मी, पण माझ्या खिडकीला काच आहे हे कधी मनात आलं नाही. काच जावयांनी बसवलेली, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तिरकेपणा काढून. इतकी स्वच्छ की दिसत नाही.

मी कठड्यावरून हाक मारली. जावई वर आले, उंबऱ्याबाहेर थांबले. मी सरळ विचारलं, मला खाली हलवायचा बेत होता ना?

ते खिडकीकडे बघत म्हणाले, होता. तुमच्या गुडघ्यांसाठी पण, आणि त्याच्यासाठी पण. ऊब तर खालीच होती, पण खिडकीपाशी ठेवला तर तो शांत बसेल असं वाटलं होतं. गुडघ्यांचं आधी मनात आलं की त्याचं, ते मला सांगता येणार नाही.

लबाड माणसाने गुडघ्यांचं आधी आलं असं सांगितलं असतं. मी पलंगावरून उठले, खिडकीशी गेले, काचेवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि त्यांना म्हणाले,

“टेप काढा. लपवू नका, काढा बाहेर. ही खोली माझी आहे आणि हा पलंग इथून बोटभर हलणार नाही, मागच्या खोलीला रंग काढा नाहीतर सोनं लावा. पण खिडकीतली ही काच काढायची आणि जाळी बसवायची, आजच. तुम्हीच बसवलीत, तुम्हीच काढा. सकाळी आठ ते अकरा तो इथे फांदीवर बसेल, माझ्या नजरेखाली, आणि त्याला बलक मिळणार नाही, हा माझा शब्द. वारा आला तर मी शाल घेईन. तुम्ही दार वाजवून यायचं, त्याला ठेवायचं आणि जायचं. आणि यापुढे या खोलीतलं काहीही मोजायचं झालं ना जावई, तर आधी माझ्या तोंडाकडे बघायचं. त्याच्याकडे बघता तसं.”